वन्समोअर मोजू नका

संगीत नाटक संपल्यावर सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातून बाहेर पडणाऱ्या कुणालाही विचारा, अभिनयाचं बक्षीस कुणाला मिळेल? ज्याच्या पदाला वन्समोअर मिळाला त्याचंच नाव बहुतेक जण घेतील. निकालाच्या यादीत मात्र भलतंच नाव येतं आणि चहाच्या गाड्यावर आपला ठरलेला सोलापुरी प्रश्न उमटतो, “ह्याला कसं काय मिळालं बे?” परीक्षकांवर शंका घ्यायला पैसे पडत नाहीत. पण यादी आधीच ओळखायची हौस असेल, तर टाळ्यांवरून कान काढून दुसरीकडे डोळे लावावे लागतात.

सुरुवात रंगमंचापासून नको, कागदापासून करा. बक्षिसं कोणकोणत्या विभागांत आहेत, हे आधी बघा. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या स्पर्धा आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. हौशी नाटकांची प्राथमिक फेरी आपल्या सोलापूर केंद्रावर होते. संगीत नाटकांची स्पर्धा मात्र स्वतंत्र भरते. तिथे ‘नामांकन’ असा प्रकार नसतो, थेट निकालच लागतो. पण निकालपत्रात रौप्यपदकांच्या खाली अभिनयाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रांची जी यादी असते, तीच आपली नामांकनांची यादी समजा. अंदाजाची खरी गंमत तिच्यातच आहे, कारण पदकाचं नाव पुष्कळदा सगळ्यांनाच सुचतं. प्रमाणपत्रांची नावं सुचत नाहीत.

या स्पर्धेत गायनाची बक्षिसं आणि अभिनयाची बक्षिसं वेगवेगळी असतात. साथसंगतीचाही वेगळा विचार होतो. सगळं गणित इथेच बदलतं. सगळ्यात चांगल्या गायकाला देण्यासाठी परीक्षकांच्या हाती गायनाचं पदक आहेच. त्याच माणसाला अभिनयाचंही द्यायला कुणाची मनाई नसते, पण बक्षिसं मोजकी आणि पात्रं पुष्कळ असली की हात आपोआप दुसऱ्याकडे वळतो. म्हणजे तुमचा आवडता गायक अभिनयाच्या यादीत दिसला नाही, तर बहुधा तो डावलला गेलेला नसतो. त्याचं देणं दुसऱ्या रकान्यात चुकतं झालेलं असतं.

व्यावसायिक नाटकांच्या पुरस्कारांत याच्या अगदी उलट घडतं. झी नाट्यगौरव, मटा सन्मान, किंवा अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद नाटककार देवलांच्या स्मृतिदिनी, 14 जूनला देते ते पुरस्कार: इथे संगीत नाटकातला नट गद्य नाटकातल्या नटाच्या शेजारी बसून तोलला जातो. अमेरिकेतल्या टोनी पुरस्कारांनी हा घोळ मिटवला आहे; तिथे संगीत नाटकातला अभिनेता आणि गद्य नाटकातला अभिनेता यांचे विभागच वेगळे आहेत. प्रमुख कोण आणि साहाय्यक कोण, याचीही तिथे एक मजेशीर रीत आहे. जाहिरातीत ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलं तो प्रमुख, खाली छापलं तो साहाय्यक. कुणाला पटलं नाही तर समिती बदल करते. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीवर एवढा भार टाकलेला नाही. त्यामुळे एखाद्या पात्राला निर्माता किंवा परीक्षक कोणत्या रकान्यात बसवतील, हा अंदाज आपला आपणच करायचा. संगीत नाटकात तो अवघड जातो, कारण ज्याला पदं जास्त तो नायक, अशी आपली जुनी समजूत आहे आणि पदांची संख्या व भूमिकेचं वजन यांची फारकत तर आपल्या रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वीच झालेली आहे.

ती फारकत ज्या माणसाच्या नावाने ओळखावी तो म्हणजे नट गणपतराव बोडस. 1911 साली ‘मानापमान’ आलं तेव्हा भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा, आणि बोडसांच्या वाट्याला लक्ष्मीधर. पुढे ‘संशयकल्लोळ’मध्ये ते फाल्गुनराव झाले. 1919 साली ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं, ते लिहिणारे गडकरी ते बघायला उरले नव्हते. त्यात सिंधूच्या तोंडी बहुतेक गाणं आणि सुधाकराच्या वाट्याला पेला. तो सुधाकर बोडसांचा. प्रेक्षक गंधर्वांचं गाणं ऐकायला यायचे, यात वाद नाही. पण नाटकाचं गद्य ज्या खांबावर उभं होतं तो हा माणूस. त्यांचं ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा; अंदाज बांधणाऱ्याला त्यातून पुष्कळ दृष्टी मिळते.

मी याला ‘बोडसांची जागा’ म्हणतो. कोणतंही संगीत नाटक बघायला बसलात की पहिला अंक संपायच्या आत ही जागा शोधा. गाणं कमी किंवा नाहीच, पण प्रसंग पुढे ढकलायचं काम त्याच्याकडे, आणि स्वभावात काहीतरी खोट: संशय, लोभ, व्यसन, राग. ‘संशयकल्लोळ’ हे तर या हिशेबाचं पाठ्यपुस्तकच आहे. देवलांनी ते आधी ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्यातच लिहिलं होतं, 1893 साली. पदं घालून संगीत झालं ते 1916 साली. पदं बहुतेक अश्विनशेट आणि रेवतीकडे गेली. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचं गद्य होतं तसंच कसदार राहिलं. आजही एखाद्या संस्थेने हे नाटक स्पर्धेत उतरवलं, तर अश्विनशेट आणि रेवती ही नावं गायनाच्या रकान्यात टाका, फाल्गुनराव आणि कृत्तिका अभिनयाच्या. ‘शारदा’ असेल तर शारदा आणि कोदंडाकडे बघून हळहळून घ्या, पण यादीत भुजंगनाथ आणि भद्रेश्वर दीक्षित लिहा. इंदिराकाकूचं काम करणारी बाई कसलेली असेल तर तिचंही. ‘सौभद्र’मध्ये बलरामाचा संताप ज्याला पेलला, त्याची बाजू कृष्णापेक्षा बळकट असते. कृष्ण गोड असतो, आणि गोडव्याला गुण देताना परीक्षक हात आखडता घेतात, असं माझं निरीक्षण आहे.

पण हा नियम डोळे मिटून लावू नका. ज्या नाटकातली पात्रं गायकच आहेत, तिथे तो कोसळतो. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, 24 डिसेंबर 1967 चा पहिला प्रयोग. खाँसाहेबांची असूया, त्यांचा अहंकार आणि शेवटी त्यांचं वितळणं, हे सगळं वसंतराव देशपांड्यांच्या तानेतूनच ऐकू यायचं. तिथे गाणं बाजूला काढून अभिनय तोलताच येत नाही. त्याच नाटकात झरीनाची भूमिका आपल्या सोलापूरच्या फैयाज यांनी केली. 2015 साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या त्याच फैयाज. झरीनाचा पेच बघा: बापाची मुलगी म्हणून एका घराण्याची, मनाने मात्र दुसऱ्या घराण्याच्या शिष्याची कणव असलेली. ती गाते तेव्हा दोन्ही ओढी आवाजात यायला हव्यात. अशी भूमिका आजच्या पुरस्कारांत साहाय्यक अभिनेत्रीच्या रकान्यात येईल, आणि चांगली वठली तर तिचं नाव चुकणं कठीण. तेव्हा बोडसांची जागा शोधण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: या पात्राला गाणं येतं म्हणून ते गातंय, की बोलण्याऐवजी गातंय? पहिलं असेल तर तान हाच अभिनय. दुसरं असेल तर तान गायनाच्या खात्यात.

आता प्रत्यक्ष प्रयोगात काय टिपायचं ते. मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण पदात नाही, पदाच्या दोन्ही काठांवर असते. वाक्य संपतं, ऑर्गनवाला सूर देतो, आणि नट गाणं उचलतो. हा एखादा क्षण असतो. कच्चा नट त्या क्षणी पात्रातून बाहेर येतो: मान साथीदारांकडे वळते, खांदे सैल होतात, एक हात मांडीवर ठेका धरायला निघतो. समोरच्या नटीशी भांडणारा माणूस अचानक बैठकीतला गवई होतो. पक्का नट सूर मिळाला आहे हे चेहऱ्यावर दिसूच देत नाही. वाक्यातला शेवटचा शब्द आणि पदातला पहिला शब्द त्याच्या तोंडी एकाच रागाने, एकाच लोभाने येतात. पद संपल्यावरही हेच. समेवर येऊन टाळी मिळाली की थांबून ती घेणारे पुष्कळ. टाळी चालू असतानाच पुढच्या वाक्याच्या तयारीत डोळे फिरवणारा क्वचित. परीक्षक बहुधा नाटकवाले असतात, त्यांना हे दिसतं. वहीत प्रत्येक प्रमुख पात्रापुढे नुसतं ‘आत’ आणि ‘बाहेर’ असं लिहून त्यापुढे खूण करत चला. तीन अंकांनंतर तुमच्यापुढे जे चित्र उभं राहील ते टाळ्यांच्या हिशेबापेक्षा निकालाच्या जवळ जाईल.

याहूनही जास्त बोलकं असतं ते दुसऱ्याचं गाणं चालू असतानाचं उभं राहणं. संगीत नाटकात हा प्रश्न गद्य नाटकाहून कितीतरी बिकट. गद्यात समोरच्याचं वाक्य अर्ध्या मिनिटात संपतं. इथे समोरचा पाच-सात मिनिटं आळवतो, त्यातही एखादा अंतरा पुन्हा घेतो. तेवढा वेळ तुम्ही त्याचं ऐकताय, आणि दर वेळी वेगळं ऐकताय, हे दाखवायचं आहे. बरेच जण दुसऱ्या ओळीनंतर रसिक होतात: मान डोलावतात, समेला बोट हलवतात. गाणारी सुभद्रा दुःखात आहे आणि तिची सखी दाद देतेय, असं विचित्र दृश्य आपण कैकदा बघितलं आहे. म्हणून एक करा. नायकाचं सर्वांत लांब पद सुरू झालं की त्याच्याकडे बघूच नका. कानांनी त्याचं ऐका, डोळे दुसऱ्या पात्रावर ठेवा. ते पात्र पदाच्या सुरुवातीला एका मनःस्थितीत होतं आणि शेवटी दुसऱ्याच, असं तुम्हाला शब्दांविना कळलं, तर त्या नावापुढे ठळक खूण करा. प्रमाणपत्राच्या यादीत अनपेक्षित वाटणारी नावं बहुतेक वेळा इथूनच आलेली असतात.

वन्समोअरचं काय? मिळू द्या. नोंदही करा, पण गायनाच्या पानावर. वन्समोअर घेतल्यावर प्रसंगाची वीण उसवते आणि पुन्हा पात्रात शिरायचं काम नटावर दुप्पट पडतं. ज्याला ते जमलं त्याचा फायदा, ज्याला नाही त्याचं उलट नुकसान होतं. स्पर्धेत तर वेळेचंही बंधन असतं.

दोन तुल्यबळ भूमिका असल्या की अंदाज बांधणाऱ्याची खरी कसोटी लागते. 2017 साली आलेलं प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आपल्याला पंढरपूरमुळे जास्तच जवळचं. मंचावर दोनच बायका: तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी लखुबाई, आनंद ओक यांचं संगीत. यांतली प्रमुख कोण? दोघी. एकीला साहाय्यक म्हणावं असं नाटकात काही नाही. दोघी एकाच रकान्यात आल्या तर मतं दोघींत विभागू शकतात; वेगळ्या रकान्यांत घातल्या तर एकीवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी मी साधा विचार करतो: कुणाच्या भूमिकेचा प्रवास लांब, आणि कुणाच्या भूमिकेत गुपित आहे? पहिल्यांदा बघणाऱ्याला लांब प्रवास भावतो. गुपित सांभाळणाऱ्या नटीचं कसब दुसऱ्यांदा बघताना कळतं. परीक्षकांनी प्रयोग कितीदा बघितलेला असेल, यावर पुढचं ठरतं. नामांकनात मात्र दोघींची नावं बिनधास्त लिहा. नामांकनं आणि विजेता हे दोन वेगळे अंदाज आहेत, त्यांची गल्लत करू नका.

समूहावर उभ्या असलेल्या नाटकांत उलटीच अडचण येते. जब्बार पटेलांचं शालेय शिक्षण आपल्या सोलापुरात झालं, म्हणून त्यांच्याच दिग्दर्शनातलं उदाहरण देतो. 1972 सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणं, नाच, कीर्तनाचा ढंग सगळं आहे आणि त्याचा बराचसा भार पोटं हलवत उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेवर आहे. बघताना डोळे त्या रांगेवरच खिळतात. पण रांगेला अभिनयाचं पारितोषिक द्यायची सोय नियमावलीत सहसा नसते. म्हणून अशा नाटकांत अभिनयाची नावं एक-दोन मोठ्या भूमिकांवरच येऊन थांबतात. मूळ प्रयोगात ती होती मोहन आगाशे यांचा नाना आणि रमेश टिळेकरांचा घाशीराम. समूहाचं श्रेय दिग्दर्शनाच्या आणि संगीताच्या रकान्यात जातं. एकांकिकांतून आलेल्या आपल्या तरुण मंडळींची संगीत नाटकं हल्ली याच वळणाची असतात. ती बघून अभिनयाची पाच-पाच नावं लिहू नका.

जुनं नाटक की नवं, हेही पाहा. ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ बघायला बसलेल्या परीक्षकाच्या कानात आधीच्या दहा जणांचं गाणं असतं आणि डोळ्यांत आधीच्या दहा जणांचं काम. तिथे नव्या नटाला त्या सगळ्यांशी झगडावं लागतं, आणि वेगळं काही करू गेला तर ‘परंपरा सोडली’ असा शेरा यायचा. नव्या संहितेतल्या भूमिकेला असा पूर्वज नसतो. तेवढ्या एका कारणाने, दोन कामं सारखीच चांगली असतील तर मी नव्या नाटकातलं नाव वर ठेवतो. अपवाद विनोदी भूमिकेचा. जुन्या नाटकातला विनोद आजच्या प्रेक्षकाला हसवू शकला, तर तो नटाचाच पराक्रम. प्रशांत दामल्यांनी फाल्गुनराव केला तेव्हा शेजारी अश्विनशेट म्हणून राहुल देशपांडे गात होते, तरी सभागृहातला हशा कुणाच्या नावावर जमा होत होता हे सांगायला नको.

हौशी स्पर्धेच्या फेरीत प्रत्येक संस्थेला एकच प्रयोग मिळतो. त्या दिवशी गळा बसला, तर तालमीत कितीही रंगलं असलं तरी उपयोग नाही. म्हणून तालमी बघून केलेले अंदाज कच्चे. मित्राच्या संस्थेबद्दलचे त्याहून कच्चे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून आलेला चेहरा असेल तर गर्दी वाढते, आणि अपेक्षाही. परीक्षक अशा नावाला सवलत देण्याऐवजी अधिक बारकाईने बघतात, असंच मला वाटत आलं आहे. आणि ऐकू येण्याकडे लक्ष द्या. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचे कान एका सभागृहात बसतात. ज्याच्या पदातला शब्द मागच्या रांगेत चहाला उठू पाहणाऱ्यालाही कळतो, त्याचं वजन सगळीकडे वाढतं. तानेत शब्द बुडवणाऱ्याला गायनात क्षमा होते, अभिनयात होत नाही.

शेवटची यादी करताना दोन रकाने आखा: ‘मिळेल’ आणि ‘मिळायला हवं’. हे दोन्ही एकाच कागदावर शेजारी असले की मन फसवायला धजत नाही. आधी विजयी होईल असं वाटणाऱ्या नाटकातली दोन नावं लिहा, कारण पहिल्या आलेल्या नाटकाच्या वाट्याला अभिनयाचं काहीच नाही, असं सहसा होत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या नाटकातली. नंतर, एकंदर नाटक पडलं पण एक माणूस उभा राहिला, अशी नावं. प्रमाणपत्रं बऱ्याचदा अशाच ठिकाणी जातात. स्त्री आणि पुरुष यांची संख्या जुळते का बघा. एका संस्थेची चार नावं झाली असतील तर एक खोडा. एवढं करूनही एक जागा मोकळी राहिली, तर मोठ्या पात्रांच्या मागे न लागता नोकराकडे बघा: ‘संशयकल्लोळ’मधल्या भादव्यासारखा कुणी, ज्याला एकही पद नाही, दोनच प्रवेश आहेत, आणि जो विंगेत गेल्यावर प्रेक्षक पुन्हा कधी येतो म्हणून वाट बघत होते. ती जागा त्याची.